भिंतीवर आलेलं लांडग्याचं घर

मी जुना आहे हे वेगळं सांगायला नको, अंगावरची धूळ ते आधीच सांगते. मी सिनेमा दाखवायचा प्रोजेक्टर आहे. शिरूरच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत, आम्लाच्या बाटल्यांशेजारी, मला उभं करून ठेवलंय. मित्रांनो, आत्मवृत्तात असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, नाहीतर तुमच्यातला कोण माझा मित्र आहे याची मला शंकाच आहे. मागच्या आठवड्यात कुणीतरी माझ्या भिंगाला चघळलेलं च्युइंगम चिकटवलं, तोही मित्रांपैकीच कुणी असणार. असो. ऐकायचं असेल तर नीट बसून ऐका.

माझा जन्म एका मोठ्या शहरातल्या कारखान्यात झाला. पोलादी पाठ, करडा रंग, रीळ अडकवायला दोन लांब हात आणि पोटात एक दिवा. तो दिवा इतका तापायचा की पंखा बंद पडला तर फिल्म दोन मिनिटांत वितळलीच म्हणून समजा. १९७९ साली मी शिरूरला आलो. इथल्या शिक्षणसंस्थेनं 'फिरता चित्रपट विभाग' काढला होता. नाव भारदस्त होतं, पण विभाग म्हणजे मी, एक खटारा जीप आणि बाळासो. बाळासो शिक्रापूरचा. मला चालवायचं काम त्याचं. तो जीपला शिव्या घालायचा आणि माझं भिंग मात्र स्वतःच्या धुतलेल्या रुमालानं पुसायचा. आयुष्यात माझी निगा कुणी राखली असेल तर त्या एकट्या माणसानं.

ती वर्षं माझ्या मिजाशीची होती. गावात जीप शिरली की माणसं हातातलं काम टाकून यायची. आमचे खेळ बहुतेक दिवसाढवळ्याच व्हायचे, कारण संध्याकाळी जीपला शिरूरला परतायचं असे. सोसायटीचं गोदाम रिकामं करायचं, झरोक्यांवर काळ्या घोंगड्या टांगायच्या, चुन्यानं रंगवलेली एक भिंत समोर धरायची, की झालं थिएटर. भरदुपारी त्या अंधारात मी दिवा लावला की शेदीडशे माणसं एकदम गप्प बसायची. ती शांतता माझ्यामुळे होती, आणि मला तिची चटक लागली होती.

त्या काळात माझ्या पोटात येणाऱ्या फिल्मांचं म्हणणं एकच असायचं. माणूस मधोमध कमरेवर हात ठेवून उभा, आणि बाकी सगळं त्याच्या वाटेतलं. नदी आली, अडवा. टेकडी आली, फोडा. माळ पडीक दिसतोय, नांगरा. कीड दिसली, फवारा. लोक टाळ्या वाजवायचे आणि मी फुगायचो. एका औषध कंपनीची 'उपद्रवी प्राणी' नावाची फिल्म होती. घूस, कोल्हा, लांडगा, एकामागून एक यायचे, आणि शेवटी मटणात पांढरी पावडर कालवून दाखवायचे. ती मी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून बावीस ठिकाणी दाखवली. मला त्याचं काही वाटलं नाही. आपण यंत्र, पोटात घालतील ते भिंतीवर टाकायचं, असं मी म्हणायचो. म्हणायला ते फार सोयीचं होतं.

मग १९९५ साली ललिताबाई आल्या.

त्या दौंडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. वय पस्तिशीच्या आसपास, उन्हानं रापलेल्या, चालणं इतकं भरभर की बाळासो मागे पडायचा. त्यांनी दोन हिवाळे माळावर पालथं पडून लांडग्यांची फिल्म काढली होती, बावीस मिनिटांची. कॅमेरा पुण्याच्या कुणाकडून मागून आणलेला, हट्ट मात्र स्वतःचा. त्यांचं म्हणणं असं, की निसर्ग माणसाच्या वाटेत येत नाही, माणूस त्याच्यात राहतो, आणि हे नुसतं दाखवून भागत नाही. आधी फिल्म बघायची, मग घोंगड्या काढून उजेड करायचा आणि लोकांबरोबर जमिनीवर बसून बोलायचं. याला त्या संवाद म्हणायच्या. बाळासो भांडण म्हणायचा, आणि माझा अनुभव बाळासोच्या बाजूनं आहे.

पहिला खेळ सणसवाडीला झाला. कारखान्यांत काम करणारी परमुलखातली पोरं खोल्यांमधून आली, पाच मिनिटं लांडगे बघितले आणि हिरो कब आएगा म्हणून विचारू लागली. शिक्रापूरला एक पुढारी पहिल्या रांगेत बसून घोरले आणि जागे झाल्यावर त्यांनी फिल्मचं कौतुक केलं. ललिताबाईंना या कशाचं काही नव्हतं. त्यांचं लक्ष एकाच जागेकडे होतं. पाटसच्या बाजूला एक धनगरवस्ती आहे. तिचं नाव मी सांगणार नाही, का ते पुढे कळेल. तिथल्या माळावर एकेकाळी लांडग्यांच्या चार-पाच जोड्या होत्या, आता एकच उरली होती. ती टिकली तर माळावर लांडगा राहील, नाहीतर संपला, असा बाईंचा हिशेब. त्यासाठी त्यांना ती वस्ती आपल्या बाजूला हवी होती. सगळा खटाटोप त्याच एका जोडीसाठी चालला होता.

पौष महिना होता. त्या दिवसांत लांडगीण व्यालेली असते. आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हाच मला हवा बरी वाटली नाही. एरवी मला उतरवून घ्यायला चार जण धावतात, इथं कुणी जागचं हललं नाही. कारण नंतर कळलं. आदल्याच आठवड्यात पहाटेच्या वेळी लांडगे वाघरीत शिरले होते. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. एका घरची अकरा कोकरं गेली होती. ते घर गेणबाचं. गेणबा पंचाहत्तरीचा, सगळी वस्ती त्याला आबा म्हणायची. त्याचा मुलगा हनुमंत हंगामात साखर कारखान्यावर कामाला जायचा, आणि मेंढरं बघायची ती हनुमंताची बायको गिताबाई. ती मेंढरं तिनं माहेराहून आणलेल्या दोन मेंढ्यांपासून वाढवलेली होती.

फिल्म झाली. घोंगड्या निघाल्या. ललिताबाई जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, बोला, मनात असेल ते बोला.

गिताबाई उभी राहिली. "बाई, लांडग्याची पिल्लं दावलीत. माझी अकरा कोकरं कुठं हायेत ह्या पिक्चरमधी?"

ललिताबाईंनी समजावलं, की माळावरचा ससा गेला, हरणं गेली, लांडग्याला खायला दुसरं उरलं नाही. गिताबाईनं विचारलं, मग आम्ही काय त्याची भाकरी आहोत का. मागून कुणीतरी म्हणालं, बाईंना एक लांडगा घरी बांधायला द्या. लोक हसले, पण ते हसणं गोड नव्हतं. मग हनुमंत उठला आणि त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"ह्याच मशीनवर, ह्याच भितीवर मी लांडगा मारायची पावडर बघितली व्हती. तवा समद्यांनी टाळ्या वाजिवल्या. आता म्हणता जपा. मशीन त्येच, भित तीच. मंग खरं कंचं?"

बाळासोनं मान खाली घातली. ललिताबाईंना त्या पावडरच्या फिल्मचं काही ठाऊक नव्हतं, त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला राग आला. खोटं कशाला सांगू, लाज नाही वाटली, रागच आला. सोळा वर्षं लोकांसाठी राबलो आणि एक उपटसुंभ माझा पंचनामा करतो, असं मला वाटलं.

अर्धा तास असाच गेला. प्रत्येक वाक्याला फणा होता. बाई घामाघूम झाल्या, त्यांच्या वहीचं पान कोरंच होतं. आणि मग हनुमंत एकदम नरमला. तो म्हणाला, त्ये बिळाचं परत दावा की.

फिल्ममध्ये चाळीस सेकंदांचा तो तुकडा होता, त्याच हिवाळ्यात काढून मागाहून जोडलेला. सगळ्या फिल्मचा जीवच तो. एका उतारावर बीळ, बिळाच्या तोंडाशी चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळताहेत, आणि लांडगीण येऊन त्यांना चाटते. बाईंनी गावाचं नाव फिल्ममध्ये कुठंच घातलं नव्हतं. तेवढं केलं की झालं, असं त्यांना वाटलं होतं.

परत दावा म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की बघवत नव्हता. दगडाला पाझर फुटला असं वाटलं त्यांना. घोंगड्या पुन्हा चढल्या. बाळासोनं माझी उलटी फिरायची कळ दाबली, मी रीळ मागे घेतलं आणि तो तुकडा पुन्हा दाखवला. आणखी एकदा, हनुमंत म्हणाला. मी आणखी एकदा दाखवला. मग तिसऱ्यांदा.

मित्रांनो, मला दुसरं काही येत नसेल, पण बघणाऱ्यांच्या माना कुठं वळतात ते मला कळतं. मी आयुष्यभर त्यांच्याच मागे उभा राहिलो आहे. तिसऱ्या वेळी पिल्लांकडे कुणीच बघत नव्हतं. ते डाव्या कडेला बघत होते, तिथं फांदी मोडलेलं एक हिवराचं झाड होतं. आणि उजवीकडे वर बघत होते, तिथं दूरवर कारखान्याच्या धुराड्याचं टोक दिसत होतं, अगदी नखाएवढं. माळावर जन्म गेलेल्या माणसाला एवढ्या दोन खुणा रग्गड झाल्या. कुठल्या अंगाला धुराडं, कुठल्या अंगाला हिवर, आणि उतार किती. जमिनीवर काडीनं कुणीतरी रेघ ओढल्याचंही मी पाहिलं.

एकटा गेणबा बघत नव्हता. त्यानं डोक्यावरून घोंगडं ओढून तोंड झाकून घेतलं होतं. ललिताबाईंचं तिकडे लक्ष गेलं आणि आबांना झोप लागली म्हणून त्या हसल्या.

मी तेव्हा बंद पडू शकलो असतो. पट्टा तुटला असता, दिवा गेला असता, माझ्या जातीच्या यंत्रांना बंद पडायला निमित्त लागत नाही. पण त्या दिवशी मी कसा लोण्यासारखा चाललो. लोक पुन्हा पुन्हा मागत होते ना. मी सुखावलो होतो.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. ललिताबाईंनी पिल्लांचे फोटो मोठे करून आणले होते, वस्तीवर घरोघर द्यायला. गोदामाच्या दारातच गेणबा बसला होता. त्यानं बाईंना पाणी दिलं, पण आत यायला तो उठला नाही. फोटो वाटायला घेतले तर एकानंही हात पुढे केला नाही. शेवटी गिताबाई म्हणाली, ठिवा ते पिशवीत, आता न्हाईत ती.

बाईंना कळेना. मग कळलं. आमच्या खेळानंतर दुसऱ्याच दिवशी वस्तीवरचे सात-आठ जण सरळ त्या उतारावर गेले होते. बिळाच्या तोंडाशी धूर केला आणि मग दगड रचून तोंड बंद केलं. बास, एवढंच. पुढचं सांगायची गरज नव्हती.

ललिताबाई उभ्या होत्या त्या खाली बसल्या. त्यांनी विचारलं, जागा कशी सापडली.

"तुमीच दावली की," गिताबाई म्हणाली. "तीन येळा."

बाई चिडल्या. तोवर मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, मी जपायला दाखवली होती, मारलं ते तुम्ही. तेव्हा दारातला गेणबा पहिल्यांदा बोलला. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, पण मायाही नव्हती.

"व्हय, आमीच मारलं. त्ये पाप तुमच्या पदरात टाकीत न्हाई मी. पर बाई, त्या माळावर साठ वर्सं मेंढरं चारली, बीळ कुठं हाय त्ये मी कवा बघितलं न्हाई. बघायचंच न्हाई, आसं हाय आमच्यात. पिल्लांच्या महिन्यात त्या अंगाला पाठ करून चालायचं. त्येनं आमचं एखादं न्यावं, आमी काठी घिऊन मागं पळावं. पर त्येच्या घरला जायाचं न्हाई. तुमी त्येचं घर उचलून आमच्या भितीवर आणलं. माझा ल्योक म्हणला, आबा, आता दिसतंय, तरी सोडायचं व्हय? काय सांगू मी त्याला?"

 फोटोंचा गठ्ठा घेऊन ललिताबाई जीपमध्ये जाऊन बसल्या.

मला वाटलं होतं की आता ही फिल्म कायमची डब्यात जाणार. पण दुसऱ्या दिवशी त्या शिरूरला आल्या आणि बाळासोकडून फिल्म जोडायची सुरी आणि चिकटपट्टी मागून घेतली. टेबलावर रीळ उलगडलं, तो चाळीस सेकंदांचा तुकडा शोधला आणि कापून काढला. बाळासोला वाटलं आता दोन टोकं जोडून टाकतील. त्यांनी तसं केलं नाही. मधे तेवढ्याच लांबीची कोरी, पारदर्शक पट्टी जोडली. बाळासो म्हणाला, ताई, लोकांना वाटेल मशीन बिघडली. त्या म्हणाल्या, वाटू दे.

त्यानंतर ती फिल्म आम्ही चार वर्षं गावोगाव फिरवली. लांडगे पळताहेत, गवत हलतंय, आणि एकदम भिंत पांढरीफटक. चित्र नाही, आवाज नाही. लोक शिट्ट्या मारायचे, माझ्या नावानं खडे फोडायचे. मग त्या पांढऱ्या उजेडात ललिताबाई उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, इथं एका लांडगिणीचं घर होतं, ते मी दाखवलं म्हणून ते आता नाही. एवढं बोलेपर्यंत चाळीस सेकंद संपायचे आणि लांडगे पुन्हा पळू लागायचे.

यातून लोक बाईंवर प्रेम करू लागले असं समजू नका. काही गावांत त्यांना धनगरांची बदनामी करणारी म्हणून हुसकून लावलं. पुण्याला एका सभागृहात उलटंच झालं. चांगली शिकलेली माणसं, त्यांनी डोळे पुसले आणि मेंढपाळांना राक्षस म्हटलं. त्या दिवशी बाई जास्त संतापल्या. त्यांनी माइक हातात घेऊन सांगितलं, राक्षस शोधायचा असेल तर तो मी आहे, आणि दुसरा तिथं मागे टेबलावर उभा आहे. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. आता मात्र मला लाज वाटली.

पुढे माझे दिवस फिरले. घरोघर टीव्ही आले, मग सीडी आल्या. माझा दिवा बाजारात मिळेना, पट्टा मिळेना. शाळेनं नवा प्रोजेक्टर घेतला, डब्यासारखा, त्याला रीळच नाही. २००१ साली बाळासो निवृत्त झाला आणि मी या कोपऱ्यात आलो. एका घुशीनं माझ्या पायाशी बीळ केलं. तिच्या बिळाबद्दल मी कुणाला बोललो नाही, एवढं तरी मी शिकलो होतो.

२००४ च्या जानेवारीत अचानक बाळासो आला. एसटीनं, हातात पिशवी. त्या वस्तीवरून गिताबाईचा निरोप आला होता ललिताबाईंना, की ती जुनी मशीन आणि तो पिक्चर घेऊन या. डब्यासारखी नवी नको, तीच आणा. का, ते सांगितलं नव्हतं. बाळासोनं मला तासभर पुसलं, शिलाई मशीनचा पट्टा कापून बसवला, आणि पिशवीतून कापसात गुंडाळलेला एक दिवा काढला. माझा शेवटचा दिवा. तो त्यानं निवृत्तीच्या दिवशी खिशात घालून नेला होता, त्याबद्दल कुणी त्याला चोर म्हणू नये.

गोदाम तेच होतं, आता पत्रे नवे होते. गेणबा तीन वर्षांपूर्वी गेला होता. हनुमंताच्या मिशा पिकल्या होत्या, तो मागे भिंतीला टेकून बसला. ललिताबाईंच्या खांद्यावर नव्या व्हिडिओ कॅमेऱ्याची पिशवी होती, पुन्हा फिल्म करायचं त्यांच्या मनात होतं. माणसं कमी आली होती. हवा पूर्वीसारखीच कडू, नमस्कारसुद्धा तोंडदेखले.

फिल्म सुरू झाली. पांढरा भाग आला. ललिताबाई बोलायला उठल्या, तोवर गिताबाई त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली, थेट माझ्या उजेडात.

"इथं काय व्हतं त्ये बाईनं सांगू नये. बाई तिथं नव्हती. मी व्हते. मिरच्या माझ्या घरच्या व्हत्या, धूर मी केला. पिक्चरमधी चार पिल्लं दिसत्यात. पाच व्हती."

चाळीस सेकंद संपले आणि फिल्म पुढे सरकली, पण गिताबाई बाजूला झाली नाही. पळणारे लांडगे तिच्या लुगड्यावरून, तोंडावरून जात राहिले. बाळासोनं आवाज बंद केला. मी चालत राहिलो.

तिनं सांगितलं की लांडगीण समोरच्या टेकाडावर दिवस मावळेपर्यंत उभी होती आणि अंगावर आली नाही. त्यानंतर ती जोडी गेली. पहिलं वर्ष बरं गेलं. मग कुत्री आली. हायवेच्या ढाब्यांवरचं खरकटं आणि पोल्ट्रीवाल्यांनी ओढ्यात टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या, त्यावर पोसलेली, वीस-वीसच्या टोळीनं फिरणारी. लांडगा होता तोवर त्यांची माळावर यायची छाती नव्हती. मागच्या दिवाळीत एका दुपारी त्यांनी गिताबाईची एकोणीस मेंढरं फाडली आणि एकही खाल्लं नाही. तशीच टाकून गेली.

"मला लांडग्याची माया न्हाई," ती म्हणाली. "आजबी न्हाई. त्यो वैरीच. पर वळखीचा वैरी व्हता. ती अकरा सोडली तर एक न्यायचा, खायाचा. त्येला आमचं ठावं, आमाला त्येचं ठावं. ही कुत्री कुणाचीच न्हाईत, आमीच टाकल्यालं खाऊन मोठी झाल्यात. सासरा मरस्तवर माझ्या हातचं पाणी प्याला न्हाई. त्या दिसापासनं. त्ये आज सांगाया बोलिवलं तुमाला."

ललिताबाईंचे डोळे भरून आले होते. त्या काही बोलणार, तोच गिताबाई म्हणाली, "गेल्या मंगळवारी माझी एक मेंढी गेली. एकच. नरडं धरून उचललीय. कुत्र्याचं काम न्हाई त्ये."

सगळं गोदाम हललं. मागे हनुमंत भिंत सोडून ताठ बसला. आठ वर्षांनी. आणि ललिताबाईंच्या तोंडून, त्यांचा हात कॅमेऱ्याच्या पिशवीवर असतानाच, एक शब्द निसटला.

"कुठं?"

गिताबाईनं त्यांच्याकडे बघितलं. असं बघणं मी माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. रीळ संपलं, शेपूट फटफट वाजू लागलं, तरी बाळासोनं मला बंद केलं नाही. ललिताबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यांनी पिशवीवरचा हात काढला.

"नका सांगू," त्या म्हणाल्या. "चुकले. नका सांगू."

"सांगणारच नव्हते," गिताबाई म्हणाली. "मला ठावंच न्हाई. मी तिकडं बघत न्हाई."

मग तिनं हनुमंताकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तो उठला, झरोक्यावरची एक घोंगडी त्यानं काढली आणि घडी घालत म्हणाला, उद्यापासून मेंढरं खालच्या अंगाला न्या.

तो माझा शेवटचा खेळ. परतताना मला भाड्याच्या जीपमध्ये चढवताना दिवा फुटला. ललिताबाईंनी त्या माळावर पुन्हा कॅमेरा नेला नाही. त्या अजून जातात वस्तीवर, कुत्र्यांचं काय करायचं यावर पोल्ट्रीवाल्यांशी भांडतात, गिताबाईशीही भांडतात. त्या संवाद म्हणतात तो हाच असावा.

मित्रांनो, शेवटी माझी निगा राखा, मला पुसा, जपा, असं मी सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. मला पुसू नका, भिंगावरचं च्युइंगमही राहू द्या. पण उद्या तुमच्या हातात माझ्याहून लहान, खिशात मावणारं यंत्र येईल, कदाचित आलंही असेल. ते घेऊन माळावर हिंडताना कुणाचं घर दिसलं, तर ते चारचौघांना दाखवायची घाई करू नका. जपणं म्हणजे कधीकधी पाठ करून चालणं असतं, हे मला पाच पिल्लं गेल्यावर कळलं, तुम्हाला आधी कळू दे. त्या माळावर यंदा बीळ कुठं आहे आणि पिल्लं किती, हे मला विचारू नका. मला माहीत नाही, आणि एखादी गोष्ट माहीत नसल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.